प्राचार्यांचं उचल खातं

आमच्या दुकानात खोडरबर सोडून सगळं मिळायचं. वह्या, रेघांचे कागद, कार्बन, शाईच्या बाटल्या, पट्ट्या, टाचण्या, सुतळी, पाकिटं. कला शाखेची मुलं मुद्दाम येऊन विचारायची, “खोडरबर आहे का?”

“नाही.”

“मग तुमचं काही चुकलं की काय करता?”

“चुकलं की कबूल करतो,” आतून उत्तर यायचं. हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षीच्या कुणा पोराने दिलं आणि मग ते दुकानाबरोबरच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिलं.

दुकान म्हणजे कॉलेजच्या मोठ्या जिन्याखालची तिरक्या छताची खोली. आधी तिथे झाडू आणि बादल्या असायच्या. मी प्रथम वर्ष वाणिज्यला अकाउंट्स शिकवायची. नुसत्या पुस्तकातून अकाउंट्स शिकवणं म्हणजे काठावर बसवून पोहायला शिकवणं, हे मला दोन-तीन वर्षांतच कळून चुकलं होतं. मुलं भांडवलाची व्याख्या घडाघडा म्हणायची, पण आपल्या खिशातली नोट हेही भांडवल होऊ शकतं, हे त्यांच्या गावी नसायचं. म्हणून मी ती खोली मागून घेतली. वर्षाच्या सुरुवातीला वर्गातल्या प्रत्येकाने दहाची एक नोट आणायची, ते दुकानाचं भांडवल. त्यातून घाऊक बाजारातून माल आणायचा, थोडा नफा ठेवून विकायचा, महिनाअखेर ताळेबंद करून दुकानाबाहेरच्या फळ्यावर लावायचा. वर्ष संपलं की जो काही नफा-तोटा झाला असेल त्यासकट ज्याचे त्याला परत. दहाची नोट तेव्हा लहान नव्हती. काहींच्या घरून ती उशिरा यायची, आणि यायची तेव्हा चार घड्या घातलेली असायची.

उंच मुलांची डोकी त्या छताला आपटत. कुणाच्या कपाळावर टेंगूळ दिसलं की बाकीचे म्हणत, “झालास वाटतं भागीदार.”

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहायची: दुकान वेगळं, मालक वेगळा. एखादा तरी हटकून विचारायचाच, “बाई, दुकान आमचंच ना? मग मी एक पेन्सिल घेतली तर काय बिघडलं?”

“काही नाही बिघडलं. घे. पण लिहून घे. दुकानाच्या डोळ्यांनी बघ जरा. त्याला एवढंच दिसतं की एक पेन्सिल गेली आणि पैसे आले नाहीत. नेणारा मालक असेल तर ती त्याची उचल. तेवढं त्याचं भांडवल कमी झालं.”

“आणि नेणारा मालक नसेल तर?”

“तर तो ऋणको. दुकानाचं देणं लागणारा. देईपर्यंत बाकी त्याच्या नावावर.”

इतकी साधी गोष्ट. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना ती एका तासात समजायची. ज्या माणसाला ती कधीच समजली नाही, त्याचं नाव आता कॉलेजच्या नव्या सभागृहाला द्यायचं ठरलंय. सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, त्यात त्यांचा फोटो, खाली ‘शिस्तीचे शिल्पकार’. पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला आणि तो गार झाला. चाळीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. कुणाचा निवत असेल.

हे गृहस्थ प्राचार्य म्हणून नवे आले, त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. काडीसारखी बारीक, केस करकचून बांधलेले, आणि दुसऱ्याच्या वहीत चूक दिसली की टोचल्याशिवाय राहायची नाही. वर्गाने तिचं नाव ठेवलं टाचणी. तिची आई साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायच्या कामावर होती. छपाई बिघडलेले कागद आई घरी आणायची, लेक त्यांची वह्यांना कव्हरं घालायची. तिची वही तपासायला घेतली की माझ्या टेबलाला दिवसभर साबणाचा वास यायचा. आईने तिला एकच अट घातलेली होती. वर्ष वाया गेलं की कॉलेज बंद, माझ्या शेजारी येऊन बसायचं आणि वड्या गुंडाळायच्या. आई दुष्ट नव्हती. तिला आणखी एक वर्ष परवडणारच नव्हतं.

प्राचार्यांचा आवाज भारदस्त होता, कोटाला कडक इस्त्री असायची. सकाळी फाटकात उभं राहून ते उशिरा येणाऱ्यांना पकडत. पहिल्याच सभेत म्हणाले, “हे कॉलेज माझं आहे. इथली खडूची कांडीसुद्धा मी माझी समजतो.” लोकांना वाटलं, काय आपुलकी आहे. त्या वाक्याचा अर्थ आम्हाला पंधरा दिवसांत कळला.

आधी शिपाईमामा चिठ्ठी घेऊन आले: पाहुण्यांसाठी डझनभर पेनं. मग मोठे चित्रकलेचे कागद आणि रंग. ते प्राचार्यांच्या मुलीच्या शाळेत गेले. मग कागदाची रिमं. एक रीम, दोन रिमं, कार्बनचं खोकं. प्राचार्यांच्या मेव्हण्याची खाजगी शिकवणी होती, तिथले पेपर आमच्या कागदावर निघत. कॉलेजात कुणी बडी असामी आली की तिच्या हातात आमच्या दुकानातली जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन. आयजीच्या जीवावर बायजी उदार.

“मामा, पैसे?” मुलं विचारायची.

“साहेब म्हणतात, दुकान कुणाचं? माझंच ना? मग पैसे कसले?” मामा रीम खांद्यावर घेत म्हणायचे. “माझ्याकडे बघू नका रे. मी नुसता हमाल.”

मी दोनदा बिल पाठवलं. दोन्ही वेळा ते कोपऱ्यात ‘बघू’ असं लिहून परत आलं. तिसऱ्यांदा समक्ष जाणार होते, तेवढ्यात मला दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या कामाला जावं लागलं. महिनाअखेर तिथेच गेली. दुकानाचे हिशेब दर महिन्याला वेगळ्या विद्यार्थ्याकडे असायचे. त्या महिन्यात ते टाचणीकडे होते.

परत आले त्या दिवशी जिन्यापाशी ही गर्दी. कला, विज्ञान, सगळ्या शाखांची पोरं टाचा उंच करून फळा वाचत होती. आमचा ताळेबंद कुणी कधी एवढा मन लावून वाचला नव्हता. मी वाट काढत पुढे गेले. टाचणीचं अक्षर मोत्यासारखं. भांडवलाच्या बाजूला वर्गातल्या सगळ्यांचं भांडवल एकत्र, आणि त्याखाली स्वतंत्र ओळीत:

प्राचार्य. भांडवल: शून्य. वजा उचल: पेनं, रंग, कागद, वह्या, कार्बन. आणि त्यापुढे उणे चिन्ह लावलेला एक आकडा, खाली दोन रेघा मारून.

माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, “शून्यातून विश्व उभं करतात ते असं.” सगळा जिना हसला. मीही हसले असते, पण मामा समोर उभे होते. “बाई, साहेबांनी बोलावलंय. आत्ता.”

प्राचार्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेवर पेनं ठेवायचा पितळी कप. कपात आमच्या दुकानातली पेनं. एकदोन पेनांवर टाचणीच्याच अक्षरातली किमतीची चिठ्ठी तशीच होती.

“तुमच्या त्या मुलीने माझी धिंड काढलीय, बाई.”

“धिंड नाही सर. महिन्याचा ताळेबंद आहे.”

“सकाळी माझ्या पाठीमागून कुणीतरी ‘भांडवल शून्य’ म्हणालं. वळलो तर सगळे साळसूद.”

“सर, मी दोनदा बिल पाठवलं होतं.”

“मला बिल?” ते खुर्चीत मागे रेलले. “अहो, पोरांची भातुकली आहे ती. खोली माझी, वीज माझी, फळा माझा. त्यातले चार कागद घेतले तर तुम्ही मला बिल पाठवता?”

“भातुकलीतले पैसे खोटे असतात, सर. मुलांनी खरे आणलेत.”

त्यांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. हातात एक अर्ज घेतला आणि माझ्यासमोर धरला. टाचणीचा परीक्षेचा अर्ज. त्यावर प्राचार्यांची सही लागायची, तिच्याशिवाय तो विद्यापीठात जात नसे, आणि शुक्रवार शेवटचा दिवस होता. “तो कागद आजच्या आज उतरवा. हिशेबाच्या वहीतलं पान फाडा. मुलीने वर्गासमोर उभं राहून माझी माफी मागायची. मग सही. नाहीतर बसू दे एक वर्ष घरी.”

“तिचं वर्ष गेलं तर शिक्षण संपेल, सर. परत येऊ शकणार नाही ती.”

“मग तिने विचार करायला हवा होता,” ते म्हणाले, आणि अर्ज खणात टाकून खण पायाने ढकलला. गुडघ्याने किंवा हातानेही ढकलता आला असता. पायाने ढकललेला तो खण मला आजही दिसतो.

शिक्षकांच्या खोलीत बातमी माझ्याआधी पोचली होती. आमचे विभागप्रमुख बशीतला चहा फुंकत म्हणाले, “बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेता?”

“मासा कुठाय? मला तर दुधावरचं मांजर दिसतंय.”

“तुम्हाला विनोद सुचतायत. पण मुलीचं वर्ष मोठं की तुमची उचल?”

“दोन्ही लहान आहेत का?”

“आम्ही आपलं भल्यासाठी सांगतो,” ते म्हणाले, आणि बाकीच्यांनी मान हलवली. मान हलवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या कपाटात आमच्या दुकानातल्या, पाहुण्यांकरता आणलेल्या जाड वह्या होत्या. मी त्या ओळखत होते. त्यांचा मला प्राचार्यांइतकाच राग आला. प्राचार्यांना निदान भीती कुणाची नव्हती.

घरी आल्यावर भांडी घासायला घेतली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “आपटू नकोस गं. ती भांडी माझ्या माहेरची आहेत, तुझ्या प्राचार्याची नाहीत.”

मी सगळं सांगितलं. वर्तमानपत्रामागून आमचे हे म्हणाले, “मागू दे की माफी. मागितल्याने काय झिजतं?”

“ज्याला मागावी लागत नाही, त्याचं काही झिजत नाही,” सासूबाई म्हणाल्या. यांनी पान उलटलं. सासूबाईंचं नि माझं फारसं पटायचं नाही, पण त्या दिवशी मी त्यांना चहा जरा जास्त दुधाचा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी आईला घेऊन आली. आई कारखान्याच्या पाळीला निघालेली, डोक्याला रुमाल बांधलेला. बाकावर बसली नाही, उभीच राहिली.

“बाई, माफी मागायला आमची ना नाही,” ती म्हणाली. “कारखान्यात रोज कुणाची ना कुणाची मागते मी. पण कशाबद्दल मागायची ते हिला कळलं पाहिजे. न कळता मागितली तर सवय लागते. मला लागलीय.”

टाचणीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा, टोचणारा. “बाई, मला आधी एवढंच सांगा. माझी नोंद बरोबर आहे की चूक?”

रात्रभर मी तोच विचार केला होता. “चूक आहे,” मी म्हटलं.

ती पांढरीफटक पडली. प्राचार्यांच्या धमकीने पडली नसेल इतकी. “कुठे?”

“तूच शोध. दुकानाचे मालक कोण?”

“आम्ही सगळे.”

“प्राचार्यांनी दहाची नोट आणली होती?”

“नाही. पण मामा प्रत्येक वेळी सांगायचे ना, साहेब म्हणतात दुकान माझं. मला वाटलं, एवढा मोठा माणूस म्हणतोय, तर खोटं कसं असेल? म्हणून भांडवलाच्या बाजूला घेतलं. शून्य आलं तेव्हा मला शंका आली होती, बाई. खरंच आली होती.” तिने कपाळावर हात मारला. “अगं आई. मी त्यांना फुकटात मालक करून टाकलं.”

“टाकलंस,” मी म्हटलं.

आईला कळायला क्षणभर लागला. मग तिने रुमालाचं टोक तोंडावर धरलं आणि ती हसायला लागली. “मग माग की माफी,” ती म्हणाली. “याची माग. पोटभर माग. आणि बाई, कागद उतरवायचा?”

“दुरुस्ती झाली की उतरवू. तोवर तो चुकीचा का होईना, दुकानाचा कागद आहे.”

दुपारी प्राचार्य वर्गात आले. लाकडी खुर्चीवर ते बसत नसत, म्हणून मामा मागून त्यांची गादीची खुर्ची घेऊन आले. टाचणी फळ्यापाशी उभी राहिली.

“माझ्याकडून चूक झाली,” ती म्हणाली.

प्राचार्यांनी मान डोलावली.

“मी सरांना दुकानाचे मालक धरलं. ते मालक नाहीत. त्यांनी दुकानात काहीच घातलेलं नाही. जो मालक नाही त्याच्या नावाने उचल लिहिता येत नाही. हा नियम बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो मी मोडला. त्याबद्दल मी वर्गाची आणि सरांची माफी मागते.”

प्राचार्यांची मान अर्ध्यावर थांबली.

“चूक खोडायची नसते, म्हणून दुरुस्तीची नोंद करते.” ती वळली आणि खडू घेऊन लिहायला लागली. प्राचार्यांचे खाते, नावे. उचल खाते, जमा. पुढे आकडा. खाली कंसात स्पष्टीकरण: दुकानातून उधारीवर नेलेला माल चुकून उचल म्हणून दाखवला होता, त्याची दुरुस्ती. मग एक पाऊल मागे सरकून तिने ते वाचलं आणि वर्गाला सांगितलं, “आता सर ऋणको झाले.”

“पुसा ते,” प्राचार्य म्हणाले.

कुणी हललं नाही.

“बाई, त्यांना पुसायला सांगा.”

“आमच्याकडे पुसत नाहीत, सर. हीही नोंद चुकली असेल तर कुठे चुकली ते सांगा. आणखी एक दुरुस्ती करू.”

ते उठले. डस्टर घेऊन त्यांनी स्वतः फळा पुसला, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यातली तारीखसुद्धा. इस्त्रीच्या काळ्या कोटावर खडूची भुकटी पडत होती, आणि त्यांच्या पाठीमागे साठ पेनं कागदावर खरखरत होती. वर्गाने सगळं उतरवून घेतलं होतं.

“मी माफी मागायला सांगितली होती,” ते दाराशी जाऊन म्हणाले.

“मागितली, सर,” टाचणी म्हणाली. “चूक तेवढीच होती.”

त्या दिवशी सही झाली नाही. गुरुवारीही नाही. विभागप्रमुख मला बघून वाट बदलायला लागले. शुक्रवारी सकाळी मी तास घेतला नाही, सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि बसा म्हणायची वाट न बघता बसले.

“अर्ज बाहेर काढा, सर.”

“मी तिचा अर्ज पाठवणार नाही.”

“ठीक आहे. मग उलट्या बाजूला रकाना आहे, अर्ज न पाठवण्याचं कारण. तो भरा. मी स्वतः विद्यापीठात नेऊन देते.”

“शिस्तभंग,” ते म्हणाले.

“कोणता? नुसतं शिस्तभंग लिहून चालत नाही, काय केलं ते लिहावं लागतं. लिहा, की मी दुकानातून माल नेला, पैसे दिले नाहीत, आणि या मुलीने ते मांडलं. नाहीतर लिहा, की मी दुकानाचा मालक आहे. मग माझ्या साठ मुलांच्या नोटा कुठे गेल्या ते विद्यापीठ तुम्हाला विचारेल. काहीतरी लिहाच. नोंदीखाली स्पष्टीकरण नसलं तर मी पहिल्या वर्षाच्या पोराचेही मार्क कापते.”

माझा आवाज चढला नव्हता. हात मात्र मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर तो पितळी कप मी उचलला असता. त्यांनी कपातलं एक पेन घेतलं. चिठ्ठी लागलेलंच निघालं. त्यांनी ती नखाने खरवडून काढली, अर्ज उलटा केला, त्या रिकाम्या रकान्यावर पेन धरलं. बाहेर मामा झाडांना पाणी घालत होते, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी अर्ज सुलटा केला आणि सही केली, इतकी दाबून की कागदाला भोक पडलं.

मी उठले तेव्हा म्हणाले, “तुमचं दुकान पुढच्या वर्षीपासून बंद. ती खोली मला लागणार आहे.”

“कशाला?”

“खोलीला कारण लिहावं लागत नाही, बाई.”

टाचणीचा अर्ज मी स्वतः नेऊन दिला. ती पास झाली, पुढेही शिकली. पण आपण जिंकलो असं मला कुणी म्हणू नये. मी वर्गात शिकवायची, दुकान उद्याही चालू राहणार आहे असं धरून हिशेब मांडायचे असतात. त्या वर्षी शेवटच्या तासाला मला ते वाक्य बोलवेना. प्राचार्यांनी एक पैसाही दिला नाही. त्यांच्या नावावरची बाकी बुडीत म्हणून लिहावी लागली, आणि प्रत्येकाला दहाच्या जागी आठ आणि वर काही नाणी मिळाली. ज्यांनी चार घड्यांची नोट आणली होती, त्यांनाही तेवढेच. मी पदरचे घालून पूर्ण दहा करायला निघाले होते. टाचणीने माझा हात धरला.

“तुम्ही दिलेत तर ते तुमचे होतील, बाई. त्यांचे नाही होणार. खातं वेगळं आहे.”

जिन्याखालच्या खोलीत पुढे मोडकी बाकं भरली. ज्या कामाला खोली लागणार होती, ते काम हेच. त्यानंतर मी कैक वर्षं पुस्तकातूनच अकाउंट्स शिकवलं. मुलं पास व्हायची. प्राचार्य सत्कार घेऊन निवृत्त झाले, त्यांची तसबीर लागली, आणि खाली बसणाऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं की त्यांचं आमच्याकडे खातं आहे. पैशात मोजता येत नाही ते हिशेबात घ्यायचं नाही, हाही एक नियम मीच शिकवलेला. बंद दुकानाचं, पायाने ढकललेल्या खणाचं काय मोल लिहिणार? लिहिता आली ती तेवढी बाकी.

आता हे सुवर्णमहोत्सवाचं पत्र. गरीब मुलांच्या फीसाठी निधी जमवतायत, ते चांगलंच आहे; पण त्याच पत्रात सभागृहाचं नाव, आणि ती ‘शिस्त’. जुन्या विद्यार्थ्यांनाही ते गेलं असणार. टाचणीचा फोन आला होता. तिचं आता अवजारांचं दोन मजली दुकान आहे, नातवंडं आहेत, केस अजून करकचून बांधते. “पत्र बघितलंत ना, बाई?” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, बघितलं. ती म्हणाली, “बरं.” आणि फोन ठेवला.

काल समितीच्या चिटणिसांचा फोन आला. तरुण मुलगा आहे, नम्र. कॉलेजात काँप्युटर शिकवतो.

“बाई, तुमची थोडी मदत हवी होती. तुमच्या एका जुन्या बॅचचे चेक येतायत, पण सगळे तुटक्या आकड्यांचे. कुणी सरळ हजार, पाच हजार पाठवतच नाही. प्रत्येकाच्या रकमेतून थोडेसे कमी. आणि गंमत म्हणजे, सगळ्यांचे अगदी तेवढेच कमी.”

“चेकच्या मागे काही लिहिलंय का?”

“हो ना. एक मिनिट.” कागद चाळल्याचा आवाज आला. “‘देणगीतून वजा: प्राचार्यांकडे राहिलेल्या दुकानाच्या बाकीतला माझा वाटा.’ सगळ्यांचं हेच, अक्षरं तेवढी वेगळी. परदेशातून एक आलाय, त्यावरही. बाई, काहीतरी घोटाळा दिसतोय. तुम्ही त्यांच्या बाई होतात म्हणून विचारतो, त्यांना सांगून हे दुरुस्त करून घ्याल का? पावत्या छापल्यात आम्ही, पूर्ण आकडा असला की बरं पडतं.”

“चूक नाहीये ती,” मी म्हटलं. “जशी आलीय तशी पावती करा.”

“पण मग पावतीवर हे कारणही लिहायचं?”

“लिहायचं. प्रत्येकाच्या पावतीवर.”

“सभागृहाचं नाव त्यांचंच आहे हो, बाई. बरं दिसेल का ते?”

“कारण लागतं,” मी म्हटलं, आणि तो लिहून घेतोय याची खात्री होईपर्यंत फोन धरून राहिले.